जबड्याची बिजागरी

"म्हातारीनं भाकरी खाल्लीय," निटवेसर म्हणाले. "एवढंच दाखवायचंय आपल्याला."

त्यांनी मोडलेली प्लेट माझ्या टेबलावर ठेवली. टायटॅनियमची, करंगळीहून अरुंद, जबड्याच्या वळणाबरोबर वाकवलेली पट्टी. स्क्रूसाठी ओळीनं भोकं. तिसऱ्या भोकापाशी तिचे सरळ दोन तुकडे झाले होते.

"आणि खाल्ली नसेल तर?" मी विचारलं.

"नसेल तर मोडली कशी?"

त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला होता.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत डिझाइनचं काम करत होते. आम्ही मोडलेल्या हाडांना जोडायच्या प्लेटा करायचो. मनगटाच्या, नडगीच्या, मांडीच्या. जबड्याची प्लेट मात्र पद्माकर निटवेसरांचं स्वतःचं अपत्य. कंपनी त्यांनीच उभी केलेली, आणि परदेशी प्लेट ज्यांना झेपत नाही अशा माणसांसाठी त्यांनी ही देशी प्लेट वर्षानुवर्षं खपून तयार केली होती. मिरजेतले सर्जन ती विश्वासानं वापरायचे. मला कामावर घेतलं ते सरांनीच. हाड दगडासारखं नसतं, जोर आला की तेही थोडं वाकतं, हेसुद्धा मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांच्या तोंडाला तोंड देणारं आमच्याकडं कुणी नव्हतं. मीही नव्हते.

प्लेट ज्यांच्या तोंडात मोडली त्या हौसाक्का मोहिते, कवठेमहांकाळच्या पुढच्या एका गावातल्या. आयुष्यभर मिश्री लावून जबड्याला कॅन्सर झालेला. मिरजेच्या डॉ. मगदुमांनी उजवीकडचं सडलेलं हाड कापून काढलं होतं आणि उरलेली दोन टोकं आमच्या प्लेटनं जोडली होती. चौथ्या महिन्यात ती मोडली. शनिवारी येऊन कारण सांगा, असं डॉक्टरांनी सरांना कळवलं होतं. दुसऱ्या एका पेशंटला तशीच प्लेट पुढच्या आठवड्यात बसणार होती, म्हणून त्यांना घाई होती.

"नवा सीटी स्कॅन घेऊन ये," सर म्हणाले. "म्हातारीला बघूनही ये. घरच्यांकडून काढून घे काय खाल्लं ते."

वॉर्डात हौसाक्का कॉटवर बसल्या होत्या. तोंडावर पदर धरलेला, उजवा गाल खोल गेलेला, डोळे मात्र टक्क उघडे. मी कंपनीतून आले म्हटल्यावर त्यांची सून वैजंता लगेच पुढं झाली. तिशीची, उन्हानं रापलेली, आवाज चढा.

"तुमच्या सायबानं फोनवर काय सांगितलंय मला ठाव हाय," ती म्हणाली. "आत्यानं एक घास कडक खाल्ला न्हाई. पेज, आंबील, दूध. मी स्वतःच्या हातानं करून घालतोय. शप्पत घालू का पोराची?"

"शपथ नको. कधीतरी चुकून, शेंगदाणा, पापड?"

"घरात पापड आणायचं बंद केलंय मी."

मी हौसाक्कांकडं पाहिलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. मग त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, बिचारी किती दुखावलीय. स्कॅनची सीडी घेऊन मी बाहेर पडले तेव्हा माझं मन पक्कं झालं होतं. ही बाई खरी आहे आणि चूक दुसरीकडं कुठंतरी आहे.

ती सापडायला फार वेळ लागला नाही.

कॉम्प्युटरवर हाडाची परीक्षा घ्यायची तर आधी त्याचं बारीक बारीक तुकड्यांचं जाळं करावं लागतं. मग कुठला स्नायू कुठून किती जोरानं ओढतो ते भरायचं. आणि एक गोष्ट सांगावीच लागते: हाड कुठं धरून ठेवलंय. कशालाच न धरलेली वस्तू ढकलली की नुसती सरकून जाते, तिच्यावर ताण येतच नाही. जबडा धरायचा तो दोन कानांपुढच्या दोन सांध्यांशी. सरांच्या जुन्या फाइलमध्ये ते दोन्ही सांधे गच्च धरलेले होते. पुढंमागं सरकायचं नाही, वरखाली व्हायचं नाही, आणि फिरायचंही नाही. भिंतीत गाडलेल्या तुळईसारखा तो जबडा उभा होता. स्नायूंची ओढ त्या गाडलेल्या टोकांनीच गिळून टाकली होती, आणि मधली प्लेट निवांत, ताण नसल्याच्या हिरव्या रंगात दिसत होती.

मी कानापुढं बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. बोटाखाली हाडाचं गोल टोक फिरलं. कुणाच्याही कानापुढं ते फिरतंच.

मग मी सरकणं बंदच ठेवलं आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जी आडवी रेघ जाते, तिच्याभोवतीचं फिरणं तेवढं मोकळं केलं. दाराच्या बिजागरीसारखं. गणित चालू केलं तर मशीननं ते मध्येच टाकून दिलं. मॉडेल कशालाच टेकलेलं नाही, असं त्याचं म्हणणं.

सर माझ्या खुर्चीमागं उभे होते. "बघितलंस? मोकळं सोडलं की तोंड वासून हवेत लटकतं ते. म्हणून गच्च धरलंय मी. मला काय हौस होती?"

ते गेले. मी डबा उघडला आणि जेवता जेवता स्वतःचाच जबडा कसा चालतो ते बघत राहिले. स्नायू ओढतात, सांधा फिरतो, आणि मग फिरणं थांबतं कशावर? दातांमध्ये आलेल्या घासावर. जबडा हवेत लटकत नाही, तो काहीतरी चावत असतो. जेवण अर्धं टाकून मी परत मशीनपाशी गेले. हौसाक्कांच्या डाव्या बाजूच्या दाढा शाबूत होत्या. त्यातल्या एका दाढेला मी खालून वर येताना अडवलं, जणू तिच्यावर घास आहे. या वेळी मशीन अडलं नाही. गणित पूर्ण झालं आणि चित्र आलं तेव्हा तिसऱ्या भोकाभोवती लालभडक कडं होतं.

जोर मी अगदी मऊ जेवणाचाच धरला होता. एका घासानं ती प्लेट मोडणार नव्हती. पण तार आपण वाकवून वाकवून तोडतो, तशी दर घासाला वाकून ती काही महिन्यांत गेलीच असती.

सरांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"जाळं विरळ असेल तुझं."

"दाट करून पाहिलं, सर. तेच येतंय."

"दाढेवर घास धरलास. घास आला कुठून? आपल्या सूचनेत स्पष्ट सांगितलंय, चावून खायचं नाही."

"पेजेतसुद्धा शीत असतं, सर."

"उल्का," ते शांतपणे म्हणाले. त्यांचा राग नेहमी असाच खालच्या आवाजात यायचा. "ही प्लेट किती जणांच्या तोंडात आहे माहीत आहे तुला? त्यांना काय सांगायचं? शनिवारी माझी फाइल न्यायची."

"तुम्ही न्या. मी ती माझी म्हणून दाखवणार नाही."

माझाच आवाज मला परका वाटला. 

"मग नुसती ये," सर म्हणाले. "बॅग धरायला."

मी गेले. बॅगेत माझा लॅपटॉपही ठेवला.

डॉ. मगदुमांची खोली लहान होती. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर, समोर आम्ही दोघं, भिंतीलगतच्या बाकावर हौसाक्का आणि वैजंता. सरांनी हिरवं चित्र पडद्यावर लावलं आणि सावकाश, नम्रपणे समजावलं. प्लेटमध्ये दोष नाही. नेमून दिलेला आहार पाळला असता तर ती मोडण्याचं कारणच नव्हतं. पेशंटला दोष द्यायचा नाही, म्हणाले, अशिक्षित माणसांकडून होतं असं.

वैजंता उठून उभी राहिली. "माझ्या पोराची शप्पत हाय. आत्याच्या तोंडात कडक काय बी गेलं न्हाई."

"शपथेनं धातू मोडत नाही, बाई," सर म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला.

"उल्का, बंद कर ते."

मी बंद केला नाही. पडद्याची वायर सरांच्या मशीनमधून काढून माझ्या मशीनला लावली. वायर दोनदा चुकली. डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले.

"सरांच्या मॉडेलमध्ये दोन्ही सांधे फिरण्यापासून बंद केलेत," मी म्हणाले. "मी ते मोकळे केलेत आणि दाढेवर घास धरलाय. मऊ घास. प्लेट बरोबर त्याच भोकापाशी जाते. यांनी काहीही कडक खाल्लेलं नाही, डॉक्टर. सांगितलं तसंच या वागल्या. पथ्य पाळूनही प्लेट मोडली."

डॉक्टरांनी सरांकडं पाहिलं. सर काही बोलणार, तेवढ्यात बाकावरून आवाज आला.

"खाल्ली की मी."

शब्द जड होते, गालातून हवा सुटत होती, पण प्रत्येक अक्षर कळलं. हौसाक्कांनी तोंडावरचा पदर खाली घेतला होता.

वैजंता त्यांच्याकडं वळली. "आत्या?"

"दुसऱ्या म्हैन्यापासनं खातोय. ही रानात गेली का दुरडीतली काढायची. शाळवाची भाकरी, वर खरडा. पेज पिऊन दीस काढायला मी काय तान्हं पोर हाय व्हय?"

 मग सरांनी खुर्चीला पाठ टेकली.

"ऐकलंत, डॉक्टर? पेशंटनं स्वतः कबूल केलं."

"कबूल न्हवं," हौसाक्का म्हणाल्या. "सांगतोय. चोरी केली न्हाई मी, कबूल कराय." त्यांनी लाळ पुसली आणि बोट डॉक्टरांकडं केलं. "तुम्ही काय म्हणालासा मला? आक्का, किडका जबडा काढतो न् नवा बसवतो. जबडा म्हणालासा. त्याच्यासाठनं पडलो मी त्या टेबलावर. आता म्हणतासा चावू नगं. मंग बसवलासा कशाला? फोटू काढाय?"

डॉक्टरांनी समोरचा केसपेपर मिटला.

आता सगळे माझ्याकडं बघत होते. आत्ताच मी डॉक्टरांना ठामपणे सांगितलं होतं की या बाईंनी काही खाल्लं नाही. माझ्या सगळ्या बोलण्याचा पाया त्यांनी स्वतःच्या हातानं काढून घेतला होता. सर हळूच म्हणाले, "चल उल्का, आवर." त्यात विजय नव्हता, उलट जरा दयाच होती, आणि तीच मला सोसली नाही.

"आवरते, सर," मी म्हणाले. "भाकरीचं गणित तेवढं करून."

मी दाढेवरचा आणि स्नायूंचा जोर वाढवला. मऊ घासाचा नव्हे, शाळवाच्या भाकरीचा. गणित चालू केलं. लॅपटॉपचा पंखा घरघरत राहिला आणि सगळे पडद्यावर सरकणाऱ्या निळ्या पट्टीकडं बघत बसले. कुणी उठून गेलं नाही. सरही नाहीत.

चित्र आलं. लाल कडं तिसऱ्या भोकावरून दुसऱ्या आणि चौथ्या भोकापर्यंत पसरलं होतं.

"म्हणजे तेच झालं ना?" सर म्हणाले. "भाकरीनं मोडली."

"हो. भाकरीनं लवकर मोडली, पेजेनं जरा उशिरा मोडली असती. पण सर, भाकरी खाल्ली हा यांचा गुन्हा नव्हे. भाकरी खाणारं माणूस आपण हिशेबातच धरलं नाही. आपण जी प्लेट केली ती न फिरणाऱ्या जबड्यासाठी केली. तसा जबडा कुणाला असतो?"

"तू आता मला शिकवणार?"

"नाही. तुम्हीच शिकवलंय, तेवढं सांगतेय."

सर उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं आणि पडद्याकडं बघतच विचारलं, "निटवे, तुमच्या त्या हिरव्या चित्रात पेशंटचं तोंड उघडतं का?"

सरांनी आपला लॅपटॉप मिटला, बॅग स्वतःच उचलली आणि ते बाहेर गेले. डॉक्टरांनी लगेच फोन उचलून पुढच्या आठवड्याचं ऑपरेशन लांबणीवर टाकायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात वैजंता सासूवर तुटून पडली होती. "मी पोराची शप्पत घातली तुमच्यापायी. चारचौघांत."

"मी सांगितलं होतं व्हय, घाल म्हणून?"

मी जवळ गेले.  "आक्का, मी आत तुमच्याच बाजूनं बोलत होते," मी म्हणाले. "तुम्ही काही खाल्लं नाही असं सांगत होते."

हौसाक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मला इचारलं होतंस?"

"नाही."

"वॉर्डात आलीस ती हिला इचारून गेलीस. मला न इचारता माझं कशाला सांगाय गेलीस?" त्यांनी पदर पुन्हा तोंडावर घेतला. मग म्हणाल्या, "पर मागनं बोललीस ते बरं बोललीस. गेली न्हाईस पळून."

सरांची गाडी गेली होती. मी वडापच्या जीपमध्ये बसून सांगलीला आले.

सोमवारी कामावर गेले तर माझ्या मशीनवर जबड्याच्या फाइली उघडत नव्हत्या. त्या माझ्यासाठी बंद केल्या होत्या. मॅनेजर येऊन म्हणाले, सरांनी तुम्हाला खोक्यांवरच्या लेबलांचं काम दिलंय, आणि मगदूम डॉक्टरांपुढच्या वागण्याबद्दल माफी मागायची आहे. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात सांगितलं, माझ्याकडं न बघता.

"लेबलं करते," मी म्हणाले. "माफी नाही मागणार."

"मग ते ठेवणार नाहीत तुम्हाला."

"नाही ठेवलं तर जाईन. माझ्या पायानं नाही जाणार."

आणि मी लेबलं करत बसले. मोठं, छोटं, निर्जंतुक, डावं, उजवं. रोज वेळेवर यायची, डबा खायची, घरी जायची. सर माझ्या टेबलाशेजारून जायचे आणि समोरच्या भिंतीकडं बघायचे. ऑफिसातली माणसं चहाला मला बोलवायची बंद झाली होती. आई म्हणाली, मागून टाक माफी, शब्दच तर आहे. मी म्हटलं, शब्दच आहे म्हणून नाही मागत.

पुढं हौसाक्कांचं दुसरं ऑपरेशन झालं, नवी प्लेट बसली, टिकली, आणि त्यांनी शेवटपर्यंत कुणाचं ऐकलं नाही, हे सगळं नंतरचं. त्याआधी एक दिवस डॉ. मगदूम स्वतः कुपवाडला आले. सरांच्या केबिनचं दार उघडं होतं आणि डॉक्टरांचा आवाज मोठा.

"दुसऱ्या कंपनीची बसवतो म्हटलं तर बाई तयार नाही," ते सांगत होते. "म्हणते, ज्यांनी मोडकी दिली त्यांनीच धड द्यायची. मी म्हटलं, आक्का, या वेळी तरी सहा महिने पथ्य पाळा. तर म्हणाली, पाळणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो. मी काय करू, निटवे? हो म्हणून घरी जाऊन चोरून खाणारे शंभर बघितलेत. ही तोंडावर सांगते. तुम्ही आता ती खाणार आहे असं धरूनच करा."

 डॉक्टरांना सोडून आल्यावर सर थेट माझ्या टेबलापाशी आले. माझ्यासमोर लेबलांचा गठ्ठा होता. त्यांनी तो बाजूला सारला, शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांनी स्वतःचा पासवर्ड घालून जबड्याची फाइल उघडली, माऊस हातात घेतला आणि दोन्ही सांध्यांचं बंद केलेलं फिरणं स्वतःच मोकळं केलं. हे सगळं त्यांनी माझ्याकडं न बघता केलं.

"घास कुठल्या दाढेवर धरला होतास?"

"डावीकडची दुसरी, सर."

"एवढीच?"

"एवढीच."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यावरचा जबडा फिरवून समोरून बघितला.

"पुढच्या दातांवरही धर," ते म्हणाले. "उद्या कणीस खायचं म्हणेल ती."